मागणीनुसार यांत्रिक वायुवीजन : पंचगंगा घाटावरील घरांच्या संदर्भात

वाराणसी : घरातील माणसांचा वावर, आर्द्रता किंवा हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पाहून पंख्यांद्वारे हवेचा प्रवाह आपोआप कमी-जास्त करणाऱ्या व्यवस्थेस मागणीनुसार यांत्रिक वायुवीजन म्हणतात. वाराणसीतील पंचगंगा घाटामागील दाट वस्तीत या व्यवस्थेची उपयुक्तता आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

बिंदुमाधवाचे मंदिर आणि औरंगजेबकालीन मशीद ही या घाटाची ओळख. लगतच्या ब्रह्मा घाट व दुर्गा घाट परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. अरुंद गल्ल्यांतील येथील घरांच्या भिंती एकमेकींना लागून असल्याने उजेड आणि वारा प्रामुख्याने मधल्या चौकातून मिळतो. तापलेली हवा चौकातून वर जाते आणि गल्लीतील तुलनेने थंड हवा आत ओढली जाते. चौकावर काच किंवा पत्रा टाकून खोल्या वातानुकूलित केल्या, की हा मार्ग खुंटतो. भिंतीवरील सामान्य वातानुकूलन यंत्र खोलीतील तीच हवा थंड करून पुन्हा सोडते. बाहेरची ताजी हवा आणत नाही.

बाहेरील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असते. दोन माणसे झोपलेल्या बंद खोलीत ते रात्रीतून १,००० च्या पुढे सहज जाते. एवढे प्रमाण स्वतः विषारी नसते. मात्र हवा पुरेशी बदलत नसल्याचे ते निदर्शक ठरते. संवेदक ही वाढ टिपून पंख्याचा वेग वाढवतो आणि खोली रिकामी होताच कमी करतो. पंख्याच्या नियमानुसार प्रवाह निम्मा केल्यास वीज सुमारे एक-अष्टमांशच लागते. बचत होते ती यामुळे.

फ्रान्समध्ये १९८२ च्या नियमांनी घरांतील वायुवीजनाचे प्रमाण ठरवले आणि १९८३ च्या दुरुस्तीने स्वयंचलित नियंत्रण असल्यास ते कमी ठेवण्यास मुभा दिली. तेथे आर्द्रतेवर उघडझाप करणाऱ्या झडपा रूढ झाल्या. हिवाळ्यात बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की कोरडी होते, म्हणून ही पद्धत तेथे उपयोगी पडते. काशीतील श्रावणात मात्र बाहेरची हवाच दमट असते. केवळ आर्द्रतेवर चालणारा पंखा तेथे अखंड फिरेल आणि ओल आतच आणेल. अशा हवामानात कार्बन डायऑक्साइडचा किंवा माणसांच्या वावराचा संवेदक अधिक योग्य ठरतो.

आणखीही मर्यादा आहेत. कार्बन डायऑक्साइडच्या संवेदकाला रंगाची वाफ किंवा धूलिकण कळत नाहीत. स्वयंपाकघर व न्हाणीघरासाठी स्वतंत्र धूर-वाफ काढणारा पंखा लागतोच. हिवाळ्यातील प्रदूषित हवा गाळणीशिवाय आत घेणे घातक ठरू शकते. वीज गेली, की सारी व्यवस्था थांबते.

भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ‘इको-निवास संहिता २०१८’चा भर नैसर्गिक वायुवीजनावर आहे. उघडता येणाऱ्या झरोक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या तुलनेत वाराणसीसारख्या संमिश्र हवामानात किमान १२.५ टक्के, तर मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात १६.६६ टक्के असावे, असे ती सांगते. जुन्या घरांत या प्रमाणात खिडक्या काढणे भिंतींमुळे अवघड असते. त्यामुळे तेथे आधी चौक मोकळा राखणे, मग स्वयंपाकघर व न्हाणीघराची हवा बाहेर काढणे आणि त्यानंतर संवेदकांचा विचार करणे, हाच क्रम व्यवहार्य ठरतो.