मायसिन आणि तज्ज्ञज्ञानाची मांडणी

१९७० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी विकसित केलेली ‘मायसिन’ ही तज्ज्ञ प्रणाली, म्हणजे जाणकारांचे ज्ञान साठवून त्याआधारे निष्कर्ष काढणारी संगणकीय आज्ञावली, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके सुचवीत असे. डॉक्टरांकडून मिळवलेले ज्ञान तीत ‘अमुक आढळले, तर तमुक जंतू संभवतो’ अशा शेकडो नियमांत मांडले होते आणि वैद्यकातील अनुमान क्वचितच निःसंशय असल्याने नियमांना खात्रीचे अंक जोडले होते. नियमांचा साठा तर्क चालवणाऱ्या यंत्रणेपासून वेगळा ठेवणे आणि विचारल्यास निष्कर्षामागील कारणे सांगणे, ही तिची खरी थोरवी होय. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने सुचवलेले उपचार परीक्षकांना तेथील तज्ज्ञ प्राध्यापकांच्या तोडीचे वाटले. तरीही रुग्णालयाच्या दैनंदिन वापरात ती कधीच आली नाही.