कबुली कुणापुढे?

ऑफिसात नवा ज्युनिअर आला की मी त्याला आधी १८७२च्या जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ वाचायला लावतो. पोलिसापुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. इंग्रजांचा आपल्यावर भरवसा नव्हताच, पण चौकीत काय चालतं हे ठाऊक असल्यानं स्वतःच्या फौजदारावरही नव्हता.

तो भरवसा टाकला आपल्या सरकारांनी. राजीव गांधींच्या काळातल्या १९८७च्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्यानं पोलीस अधीक्षकापुढची कबुली ग्राह्य धरली. १९९९ साली महाराष्ट्रातल्या युती सरकारनं संघटित गुन्हेगारीविरोधी मकोकात तेच कलम १८ म्हणून घातलं. २००२ साली वाजपेयी सरकारनं पोटा या नव्या दहशतवादविरोधी कायद्यातही ते ठेवलं. पोटा राज्यसभेत अडला तेव्हा संयुक्त अधिवेशन भरवून तो मंजूर करून घेतला. मनमोहन सिंग सरकारनं २००४ मध्ये पोटा रद्द केला. पण इथं मुंबईत काँग्रेस-राष्ट्रवादीचं राज्य असूनही मकोकाला कुणी हात लावला नाही. दिल्लीत काळा ठरलेला कायदा मंत्रालयात कामाचा ठरतो, तो असा.

१९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला आर्थर रोड तुरुंगात सुरू झाला जून १९९५मध्ये, म्हणजे टाडाची मुदत संपल्यावर. कायदा गेला, त्याखालचे खटले राहिले. १२३ आरोपी, निकाल लागायला २००६ उजाडलं. शंभर जण दोषी ठरले, त्यात कबुलीजबाबांचा वाटा मोठा.

२६/११च्या मुंबई हल्ल्यानंतर सरकारवर केवढा दबाव होता! यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक झाला, जामीन दुरापास्त झाला, कोठडी १८० दिवसांपर्यंत लांबली. पोलिसांपुढची कबुली मात्र त्यात घातली नाही. त्या हल्ल्यात पकडलेल्या कसाबचा जबाब मॅजिस्ट्रेटनं नोंदवला. त्याच आर्थर रोडमध्ये वर्षभरात निकाल लागला. अर्थात, इथं प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होते, फोटो होते. सगळ्याच खटल्यांचं नशीब असं नसतं.

मुंबईच्या २००६च्या लोकल स्फोटांच्या खटल्याचं नव्हतं. तिथं मकोका लावला, डीसीपींनी कबुल्या घेतल्या आणि २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतला काही मजकूर शब्दशः सारखा आढळला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं; त्यातली निरीक्षणं मकोकाच्या बाकीच्या खटल्यांना भोवतील, अशी राज्य सरकारची तक्रार होती. सुटलेल्यांना परत आत पाठवा, असं मात्र सरकारनंही म्हटलं नाही.