खिलाफत, कायदा आणि सत्यशोधन

मोखाड्याच्या डोंगरांना लागून असलेलें जव्हारचें संस्थान 1948 सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. तेथील महादेव कोळी राजघराण्याचा इतिहास असें सांगतो कीं, जयबा मुकण्याच्या पुत्रास दिल्लीच्या सुलतानानें 1343 सालीं ‘निमशाह’ हा किताब दिला व बावीस किल्ल्यांवरील त्याची सत्ता मान्य केली. 5 जूनचा तो दिवस राजघराण्यास इतका मोलाचा वाटला कीं, तेथून संस्थानानें आपला नवा शकच सुरू केला.

मौज अशी कीं, दिल्लीच्या तख्तावर असलेला महंमद तुघलख त्याच सुमारास स्वतःच कैरो येथील अब्बासी खलिफाकडून मान्यता मिळविण्याच्या खटपटींत होता. आपल्या नाण्यांवरही त्यानें खलिफाचें नांव घातलें. हा खलिफा मामलुक सुलतानांचा केवळ आश्रित. त्याच्या पत्रानें दिल्लीची शोभा वाढावी, आणि दिल्लीच्या किताबानें जव्हारची! सनदांची ही साखळी पाहिली म्हणजे एक प्रश्न सहज मनांत येतो. राजसत्तेला धर्माची मान्यता हवी असते, हें उघड आहे. पण धर्माला राजसत्तेची गरज असते काय? अर्वाचीन इस्लामी विचाराचा मोठा भाग या प्रश्नाभोंवतीं फिरलेला आहे.

खिलाफतीच्या रक्षणासाठीं 1919 सालीं मुंबईंत चळवळ उभी राहिली आणि गांधीजींनीं तिला पाठिंबा दिला. पण 3 मार्च 1924 रोजीं खुद्द तुर्कांनींच खिलाफत रद्द केली. पुढच्याच वर्षीं अल्-अझहरचे विद्वान व शरियत न्यायालयाचे न्यायाधीश अली अब्दुर्राझिक यांनीं असें प्रतिपादिलें कीं, पैगंबरांचें कार्य धर्मोपदेशाचें होतें. राज्य कोणत्या पद्धतीनें चालवावें, हें माणसांच्या बुद्धीवर सोपविलेलें आहे. अझहरनें त्यांस उलेमांच्या मंडळांतून काढून टाकलें आणि त्यांचें न्यायाधीशपदही गेलें. प्रश्न पुस्तकांतला खरा, परंतु त्याची किंमत पुस्तकांत चुकती होत नाहीं, हें या प्रकरणानें दाखविलें.

आपल्याकडे हा विचार अधिक शांतपणें मांडणारे पंडित म्हणजे आसफ अली असगर फैजी. माथेरान येथें 1899 सालीं सुलेमानी बोहरा कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते आणि स्वातंत्र्यानंतर इजिप्तमध्यें भारताचे राजदूत झाले. इस्लामकडे पाहण्याच्या आधुनिक दृष्टीविषयीं त्यांचा ग्रंथ 1963 सालीं निघाला. धर्माचें मर्म सदसद्विवेकांत आहे, कायदा हा समाजाच्या स्थितीप्रमाणें बदलणारा आहे, आणि दोहोंची गल्लत केल्यास दोहोंचीही हानि होते, असा त्यांचा आशय होता.

फैजींनीं ग्रंथांत जी वाट आंखली, तिच्याहून निराळ्या व खडतर वाटेनें हमीद दलवाई गेले. चिपळूणजवळच्या मिरजोळी गांवीं 1932 सालीं जन्मलेला हा कथालेखक. 18 एप्रिल 1966 रोजीं त्यांनीं सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद व्हावें, ही त्यांची मागणी होती. 22 मार्च 1970 रोजीं पुण्यांत त्यांनीं मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. या नांवांतच जोतीराव फुल्यांचा वारसा आहे. धर्मग्रंथांतून अनुकूल अर्थ काढीत बसण्यापेक्षां नागरिकांच्या समतेचा आधार राज्यघटनेंत शोधावा, असें त्यांचें मत होतें. 1977 सालीं, वयाच्या अवघ्या 44 व्या वर्षीं, ते वारले.

दलवाईंवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो: श्रद्धावंतांच्या भाषेंत न बोलणारा सुधारक एकाकी पडतो. आम्हांस या आक्षेपांत तथ्य दिसतें. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. ज्या स्त्रीस तीन शब्दांसरशी घराबाहेर काढलें, तिनें विद्वानांचें एकमत होईपर्यंत कोठें थांबावें? शहाबानो प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें 1985 सालीं पोटगी मान्य केली, आणि 1986 च्या कायद्यानें संसदेनें त्या निर्णयाचा जोर कमी केला. धर्ममार्तंडांचा रोष आणि मतांची गणितें यांच्या कात्रींत ती वृद्धा सांपडली. जुन्या सनदांच्या साखळीचेंच हें नवें रूप. सत्ताधाऱ्यांस मान्यता हवी होती आणि तिचा भार एका स्त्रीनें वाहिला.

पुढें 22 ऑगस्ट 2017 रोजीं त्याच न्यायालयानें एका दमांतील तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनीं रद्द ठरविला. या निकालांतील एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. बहुमतांतील एका न्यायमूर्तींनीं कुराणाचा आधार घेऊन ही चाल मुळांत धर्मसंमतच नाहीं असें म्हटलें, तर दोघांनीं ती राज्यघटनेंतील समतेच्या विरुद्ध आहे असें म्हटलें. एक वाट धर्माच्या अंतरंगांतून, दुसरी नागरिकत्वांतून. यांपैकीं एकही नसती तर बहुमत झालें नसतें. ज्या दोन वाटांवरून सुधारक इतकीं वर्षें एकमेकांशीं वाद घालीत आले, त्या तेथें एका मुक्कामीं पोंचल्या.

जव्हारच्या त्या शकाची कालगणना आतां संपली आहे. दिल्लीच्या किताबावांचून तेथील डोंगर किंवा माणसें उणीं झालीं नाहींत. श्रद्धेचेंही असेंच आहे, असा आमचा विश्वास आहे. सत्तेची सनद हातांतून गेल्यावरही जी उरते, तीच खरी श्रद्धा; आणि तिला आपल्या घरांतील स्त्रीच्या न्यायाचें भय वाटण्याचें कारण नाहीं.