लांब टोपणाची लेखणी

खिदिरपूरच्या गोदीला लागणाऱ्या जहाजांनी कलकत्त्याला माल पुरविला, तशा आवडीनिवडीही पुरविल्या. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या काळात तेथील फॅन्सी मार्केट परदेशी वस्तूंसाठी विख्यात झाले. त्याच काळात, तिकडे जपानात, खिशातल्या लेखणीने नवे रूप धारण केले. १९११ साली कुरे बंदरात स्थापन झालेली सेलर, १९१८ ची पायलट व १९१९ ची प्लॅटिनम या तिन्ही घराण्यांनी आखूड दांड्याच्या, लांब टोपणाच्या लेखण्या काढल्या. पायलटची 'एलीट एस' १९६८ ची. मिटली की ती सदऱ्याच्या खिशात मावते. टोपण मागे चढविले की लिहिण्याजोगी लांब होते.

अशी जुनी लेखणी निवडताना आम्ही निबाच्या सोन्याकडे सर्वांत शेवटी पाहतो. येथे टोपण हे नुसते झाकण नव्हे, ती अर्धी लेखणी आहे. त्याची पकड सैल झाली, तर लेखणी खिशातही टिकत नाही व हातातही. मग शाईची नळी पाहावी. प्रत्येक घराण्याची निराळी, एकीची दुसरीस बसत नाही. निब बारीक असतो, तो दोष नव्हे. चित्रलिपीतील दाट रेघांसाठी घडविलेले ते टोक आमच्या जोडाक्षरांनाही मानवते.

बॉलपेनच्या प्रसारापुढे हे रूप मागे पडले. आज त्याचे सुटे टोपण मिळणे दुर्घट. म्हणून सोन्याचा कस निबावर वाचता येतो, पण टोपणाची पकड आपल्याच बोटांनी पारखून घ्यावी.