चावडीवरचा रेडिओ आणि खिशातला कान

नभोवाणीचा इतिहास आपल्याकडे केंद्रे, मंत्री आणि गवई यांच्या नावांनी लिहिला जातो. ऐकणारा कुठे बसला होता, हे त्यात नसते. मराठवाड्यातील दलित माणसाला मात्र हाच प्रश्न पहिला वाटतो. गावात त्याची जागा ठरलेली होती आणि त्याचा कानही त्या जागेला बांधलेला होता.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली व १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच १९५६ साली मुंबई राज्यात, पुणे व आसपासच्या पाच जिल्ह्यांत, युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग झाला. सुमारे दीडशे गावांत माणसे एकत्र बसून ऐकत आणि नंतर चर्चा करीत. कल्पना चांगली होती. पुढे आमच्या गावातही सार्वजनिक संच आला, तो चावडीवर. मी तो लहानपणी ऐकला, पण ओट्याखाली उभे राहून. आवाज सर्वांपर्यंत सारखा पोचत होता. बसण्याची जागा सारखी नव्हती.

आणि ऐकू काय येत होते? १९४० मध्ये नभोवाणीने पेटीवर बंदी घातली. ती सुमारे तीन दशके टिकली. कारण रागदारीच्या शुद्धतेचे दिले गेले. पण पेटी-ढोलकीवर उभ्या राहिलेल्या जलशाने मग त्या दारातून आत कसे जावे? १९५२ पासून दहा वर्षे बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री होते. त्यांच्या काळात स्वरचाचणीची चाळण अधिक बारीक झाली. ‘अभिजात’ काय, हे ठरविणारे हात कोणाचे होते, हे सांगायला नको.

तरीही त्या एकाच लहरीत सामर्थ्य होते. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान मांडले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाकडून घेतली, असे त्यांनी सांगितले. ज्यांना ते ऐकायचे नव्हते, त्यांच्या घरातही ते शब्द शिरू शकत होते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस परभणीला आकाशवाणी केंद्र आले आणि आमच्या मुलखाची बोली हवेत उमटू लागली. पण वस्तीला स्वतःचा आवाज खऱ्या अर्थाने दिला तो कॅसेटने. वामनदादा कर्डकांची गीते, प्रल्हाद शिंदे व विठ्ठल उमप यांचे गळे कोणाच्या चाचणीची वाट न पाहता घराघरांत गेले. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि हे सारे खिशात आले. शेतात निंदणारी बाईही आता कानात बोंडूक घालून आपल्या आवडीचे ऐकते. तिला ‘बंद कर’ म्हणणारा कोणी नाही. हा लाभ लहान नाही.

परंतु या नव्या यंत्रणेची रीत नीट पाहिली पाहिजे. काल जे ऐकले, त्याच्यासारखेच ती आज पुढे ठेवते. भीमगीत ऐकणाऱ्याला भीमगीत, प्रवचन ऐकणाऱ्याला प्रवचन. पूर्वी दारावर पहारा होता. आज दार उघडे आहे, पण प्रत्येक कानाभोवती गावकूस उभे राहिले आहे. आम्ही हवे तेवढे बोलू शकतो. मात्र ज्याने ऐकायला हवे, तो कधीच भेटत नाही. जातीला यापेक्षा सोयीचे काय?

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००८ मध्ये जुन्या हैदराबाद राज्यातीलच जहीराबादजवळच्या माचनूरला दलित स्त्रियांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. त्या केवळ आपल्यापुरते ऐकत बसल्या नाहीत. पंचक्रोशीला ऐकवू लागल्या. परभणीच्या तरुणांनी मोबाइल जरूर वापरावा. पण सार्वजनिक लहरीवरचा हक्क जुनाट म्हणून सोडू नये. ज्या ओट्यावर आपल्याला बसू दिले नाही, तो ओटा ओस पडत असताना त्यावर आपणच बसले पाहिजे, आणि साऱ्या गावाला बोलावले पाहिजे.