रिकव्हरी चाचणी: डेक्सामेथासोनने कोणाचे प्राण वाचवले आणि कोणाला उपयोग झाला नाही?

कोविडच्या पहिल्या लाटेत गंभीर रुग्णाला नक्की कोणते औषध द्यावे, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नव्हते. पहिले भक्कम उत्तर १६ जून २०२० रोजी ब्रिटनमधून आले. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू कमी झाले होते. याच निकालात एक इशाराही होता. बातमी जगभर पसरली, इशारा मात्र मागे राहिला.

चाचणी कशी झाली?

ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांच्या नेतृत्वाखाली मार्च २०२० मध्ये 'रिकव्हरी' चाचणी सुरू झाली. ब्रिटनमधील पावणेदोनशेच्या आसपास सरकारी रुग्णालये तिच्यात सहभागी झाली.

कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे हे डॉक्टर ठरवत नव्हते. चिठ्ठी काढावी तशी निवड संगणक करत होता. निवड डॉक्टरांवर सोडली, तर नवे औषध अधिक आजारी किंवा अधिक धडधाकट रुग्णांकडे जाण्याची शक्यता असते. मग फरक औषधामुळे पडला की रुग्णांच्या प्रकृतीमुळे, हे कळत नाही.

यश मोजण्याची कसोटीही साधी होती: २८ दिवसांनंतर रुग्ण जिवंत आहे का? 'बरे वाटते' याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असू शकतो, या कसोटीत मात्र मतभेदाला जागा नाही.

आकडे काय सांगतात?

२,१०४ रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस देण्याचे ठरले. ४,३२१ रुग्णांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण असे होते:

- व्हेंटिलेटरवरील रुग्ण: औषधासह २९.३ टक्के, औषधाविना ४१.४ टक्के
- फक्त ऑक्सिजनवरील रुग्ण: औषधासह २३.३ टक्के, औषधाविना २६.२ टक्के
- ऑक्सिजनची गरज नसलेले रुग्ण: औषधासह १७.८ टक्के, औषधाविना १४ टक्के

म्हणजे व्हेंटिलेटरवरील दर १०० रुग्णांमागे सुमारे १२ मृत्यू कमी झाले. तिसऱ्या गटात मात्र फायदा दिसला नाही. तिथला फरक 'औषधाने नुकसान झाले' असे खात्रीने म्हणण्याइतका नव्हता, पण ती शक्यताही नाकारता येत नव्हती.

एकच औषध, परिणाम वेगळे का?

आजार बळावल्यावर अनेकदा विषाणूपेक्षा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच अनावर होऊन फुप्फुसांना इजा करते. स्टेरॉइड तिला आवर घालते. सुरुवातीच्या दिवसांत मात्र विषाणूशी लढण्यासाठी हीच प्रतिकारशक्ती लागते.

गाजलेल्या इतर औषधांचे काय झाले?

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा खूप गाजावाजा झाला होता. रिकव्हरी चाचणीत या औषधाच्या गटात २७ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात २५ टक्के रुग्ण दगावले. फायदा दिसला नाही.

प्लाझ्मासाठी भारतात नातेवाईक दारोदार फिरत होते, समाजमाध्यमांवर आवाहने होत होती. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्लाझ्माने मृत्यू कमी झाले नाहीत. रिकव्हरीच्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीतही तेच दिसले. मे २०२१ मध्ये भारताच्या उपचार सूचनांमधून प्लाझ्मा वगळण्यात आला.

इशारा मागे राहिल्याने काय झाले?

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडच्या गोळ्या घरच्या घरी, अगदी सौम्य आजारातही घेतल्या गेल्या. स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. त्याच काळात म्युकरमायकोसिसचे रुग्ण झपाट्याने वाढले. सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अयोग्य वापर ही त्यामागची प्रमुख कारणे मानली गेली.

पुढचा मेसेज आला तर काय विचारावे?

'या औषधाने जीव वाचतो' असा दावा दिसला, तर तीन गोष्टी पाहाव्यात. औषध न घेतलेल्या रुग्णांशी तुलना झाली आहे का? कोणाला औषध मिळेल हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरले होते का? आणि ते रुग्ण आजाराच्या कोणत्या टप्प्यावर होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर दावा अर्धवट आहे. स्टेरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये आणि सुरू असलेले अचानक थांबवूही नये.