शीतनिवारण, घरगुती (दख्खनचे पठार)

मार्गशीर्षापासून माघापर्यंतच्या थंडीत घरातील माणसांना ऊब मिळावी म्हणून महाराष्ट्राच्या पठारी प्रदेशात रूढ झालेल्या साधनांचा व रीतींचा समुच्चय. प्राचीन रोमनांनी फरशीखालून उष्ण हवा खेळवून, किंवा कोरियातील लोकांनी ‘ओंडोल’ पद्धतीने चुलीचा धूर जमिनीखालून नेऊन, अख्खी खोली तापविण्याची जशी तजवीज केली तशी येथे कोणी केल्याचे आढळत नाही. येथील गृहस्थ घराऐवजी माणसालाच शेक देत आला, आणि त्यासाठी लागणारी ऊब स्वयंपाक, स्नान, गुरे व जुनेर यांच्या नित्य व्यवहारातून बहुधा आयतीच निघत असे.

थंडीचे स्वरूप : समुद्रसान्निध्यामुळे कोकणपट्टीत थंडी सौम्य असते, देशावर मात्र हिवाळ्यात आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्याने सूर्यास्तानंतर जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते, आणि त्यात उत्तरेकडील वारे वाहू लागले म्हणजे पारा एकाएकी उतरतो. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजी १.७° से., तर नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे डिसेंबर २०१८ मध्ये १.८° से. इतके तापमान नोंदले गेले. मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलेला नीचांक ७.४° से. होता. तथापि पहाटे कुडकुडणारा मनुष्य दुपारी अंगावरचे पांघरूण भिरकावून देतो, अशी येथील हवा असल्यामुळे थंडीचा प्रश्न रात्रीपुरता व पहाटेपुरताच राहिला, आणि कायमच्या तापनव्यवस्थेवर खर्च करण्याची निकड भासली नाही. इंग्रजी अमदानीत महाबळेश्वरादी थंड हवेच्या ठिकाणी साहेबी बंगल्यांना भिंतीतील अग्निकुंडे आली खरी, पण ती बंगल्यांच्या आवाराबाहेर पडली नाहीत.

घराची रचना : दगडमातीच्या रुंद भिंती दिवसभर ऊन पितात व रात्री ते हळूहळू सोडतात. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांना पांढऱ्या मातीच्या जाड थराचे छत असते, त्याचाही उपयोग असाच होतो. वाड्यांतून चहूबाजूंनी खोल्यांनी वेढलेले, जवळजवळ बिनखिडकीचे माजघर म्हातारी माणसे व मुले यांच्या निजण्यासाठी राखून ठेवीत. आणि शेतकऱ्याच्या घरात एका छपराखाली बांधलेल्या गुरांच्या अंगची ऊबही हिशेबात धरलेली असे.

विस्तव : रात्रीचा स्वयंपाक आटोपला म्हणजे चुलीतील रसरशीत निखारे चिमट्याने शेगडीत काढले जात, उरलेल्यांवर राख ओढून सकाळसाठी विस्तव जपून ठेवला जाई, आणि ज्या घरचा विस्तव विझे त्या घरची बाई गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी विस्तव मागावयास जाई. काश्मिरी माणूस वेताच्या विणीत बसविलेली मातीची कांगडी फेरनाखाली घेऊन हिंडतो; दख्खनची शेगडी मात्र जागची फारशी हलत नाही, माणसेच तिच्याभोवती येऊन बसतात. तिचा एकमेव मोठा प्रवास म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत, बाजेखाली. तेथे तिच्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी देण्याचा रिवाज असे. न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. त्याच्या मधल्या उभ्या नळीत ढलप्या वा कोळसे पेटवीत, भोवतालचे पाणी कढत झाले म्हणजे तोटीने काढून घेत, आणि जितके काढले तितके थंड पाणी वरून ओतावे, असा दंडक असे. अंगणातील शेकोटी शेतात जे उरेल त्यावर पेटे : विदर्भात पऱ्हाट्या, मराठवाड्यात तुराट्या, कोकणात झावळ्या.

पांघरूण : दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीचे सूत धनगरांच्या घरी कातले जाते, सणगर विणकर त्या सुताला चिंचोक्यांची खळ देऊन खड्डामागावर घोंगडी विणतात, ती नवी असताना अंगाला बोचते, पण दव व भुरभूर पाऊस यांस सहसा दाद देत नाही. गोधडी, दक्षिण महाराष्ट्रातील वाकळ, ही जुनी लुगडी व धोतरे यांचे थर एकावर एक अंथरून, कडेपासून आत आत येत धावदोऱ्याने शिवतात. थरांमध्ये कोंडलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, हेच तिच्या उबेचे मर्म होय. सधन घरी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेऊन दुलया भरवीत. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, डिंकाचे व मेथीचे लाडू ही पोटातून ऊब देणारी बेगमीही याच व्यवस्थेचा भाग मानावी लागेल.

धोका : अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट तत्परतेने संयोग पावतो, त्यामुळे बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेला मनुष्य जागा न होताच दगावण्याचा संभव असतो. जुन्या घरांत कौलांच्या फटींतून हवा खेळत असल्याने हा धोका काहीसा कमी असे. काचेच्या तावदानांनी घट्ट मिटणाऱ्या आधुनिक खोलीत तीच शेगडी प्राणघातक ठरते.

आधुनिक काळ : रॉकेलच्या स्टोव्हने चुलीची सद्दी ओसरू लागली आणि १९५५ च्या सुमारास मुंबईत आलेल्या सिलिंडरच्या गॅसने पुढे ती घरोघर संपविली, गॅसची ज्योत बंद केली की मागे काहीच उरत नाही, आणि म्हणून स्वयंपाकाबरोबर फुकट मिळणारा निखारा नाहीसा होऊन ऊब ही जमाखर्चातील निराळी बाब झाली. दोन हजार वॉटचा विजेचा हीटर तासाला दोन युनिटे वीज घेतो. स्नानासाठी गिझर किंवा गच्चीवरील सौर बंब आला. काँक्रीटचे पातळ छत रात्री लवकर निवते, म्हणून जाड ब्लँकेटे व दर हिवाळ्यात शहरोशहरी दुकाने थाटणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडील स्वेटर यांवर भिस्त वाढली. गोधडी आता यंत्रावर शिवून प्रदर्शनांतूनही विकली जाते. तथापि नव्या कापडाला येण्यास पुष्कळ धुण्या लागतात तो मऊपणा जुनेराच्या अंगी मुळातच असतो, आणि याच कारणाने तान्ह्या मुलासाठी आजीच्या वापरलेल्या लुगड्याची गोधडी शिवण्याचा शिरस्ता, हीटर लावलेल्या घरांतूनही, अद्याप चालू आहे.